सव्वीस जोड्या

बुधवार, १८ सप्टेंबर १८६१. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लायमन प्रुइटने कोर्टाचा हुकूम वाचला आणि लष्कराच्या किल्ल्यावर पीठ घेऊन निघालेल्या, प्लॅट नदीकाठी मुक्काम केलेल्या बैलगाड्यांच्या तांड्यातले सव्वीस गाडीवान कामावरून काढून टाकले.

तांड्याचा म्होरक्या ईनॉस टार्बेल याला धक्का बसला नाही. आदल्या दिवशी टपाल घेऊन आलेल्या घोडेस्वारानेच बातमी दिली होती. घोडेस्वारांकरवी टपाल पोचवण्याच्या धंद्यापायी तांड्याच्या मालक हॅल्डेन कंपनीला खोट आली, ती बुजवायला मालक हॅल्डेनने सरकारी रोखे बँकेकडे गहाण टाकले. रोखे त्याचे नव्हतेच. कंपनी बुडाली, हॅल्डेन पसार झाला आणि बैल, गाड्या बँकेच्या ताब्यात गेल्या. प्रुइट हा बँकेचा माणूस.

ईनॉसला टोचत होतं ते वेगळंच. मार्चमध्ये कंपनीने पगार थकवला, तेव्हा गाडीवान निघायला तयार नव्हते. "पीठ किल्ल्यावर पोचलं की दाम तुमच्या हातात, माझा शब्द," असं त्यानेच सांगितलं होतं. पीठ शनिवारपर्यंत पोचलं नाही तर लष्कर छदामही देणार नव्हतं. वाट तीन दिवसांची उरली होती.

जुन्या पगाराशी बँकेचा संबंध नाही, असं म्हणून प्रुइटने नदी उतरण्याच्या तराफ्यावरून गोळा केलेले तीस मजूर कामाला लावले. गाड्यांच्या रिंगणात तीनशे बारा बैल उभे होते, बहुतेक तांबडे. कोणाचा जोडीदार कोण, डाव्या अंगाचा कोण, उजव्या अंगाचा कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्याचे बारा बैल, त्यालाच ते माहीत.

गाडीवान कॉफीची किटली घेऊन चाकांना टेकून बसले.

मजूर बैलांना शिव्या घालू लागले. कंपनीने गाडीवानांकडून शिवी न देण्याची शपथ लिहून घेतली होती, त्यामुळे ते मन लावून ऐकत होते.

त्यांच्यातला जुबल क्रेन ईनॉसला म्हणाला, "बॉस, कंपनी बुडाली. आता शपथ सुटली का?"

"पीठ पोचेपर्यंत नाही."

"मग यांच्याकडून निदान शिकून तरी घेतो."

दुपारपर्यंत चार गाड्या जुंपून झाल्या. पहिली हलली तशी गाडीलगतच्या जोडीतला डावा बैल, उजवीकडे जुंपलेला, जुवाखालीच उलटा फिरला. दांडी मोडली. दुसऱ्या गाडीचे बैल खाली बसले ते उठेनात. तीन मजूर वाट फुटेल तिकडे गेले.

दोन वाजता प्रुइट घामाघूम होऊन ईनॉसकडे आला. पैसे आपल्याजवळ नाहीत, आणायचे कुठून, असं त्याचं म्हणणं.

"पैसे नकोत, साहेब. किल्ल्यावर पीठ उतरलं की प्रत्येकाला त्याच्या पसंतीची एक जोडी. सही करा."

"सव्वीस जोड्या? बँक मला सोलून काढेल!"

"शनिवारी पीठ इथंच असलं, तर काय करेल?"

प्रुइटने पिठाच्या पावतीमागे सही केली. आणि तुम्हाला काय, असं त्याने विचारलं. ईनॉसने कागद घडी करून जुबलच्या हातात दिला. "मला काही नको. फक्त या सगळ्यांना वाचून दाखव."

मग त्याने हाळी दिली. गाडीवान जू खांद्यावर टाकून रिंगणात शिरले, बैलांना नावाने बोलावू लागले आणि बैल आपणहून माना पुढे करू लागले. मोडकी दांडी बदलण्यासकट सव्वीस गाड्या पंचेचाळीस मिनिटांत वाटेला लागल्या. प्रुइट घड्याळ हातात धरून बघतच राहिला.

शनिवारी दुपारी तीन चाळीसला शेवटचं पोतं किल्ल्याच्या काट्यावर चढलं. जुबलने आधी आपली जोडी सोडून घेतली, मग नदीकडे तोंड करून सहा महिन्यांच्या साठलेल्या शिव्या एका दमात दिल्या. टोप्या हवेत उडाल्या. ईनॉस त्या दिवशी पोट धरून हसला.

प्रुइटला सही करायचा अधिकारच नव्हता, अशी तक्रार बँकेने ओमाहाच्या कोर्टात केली आहे. सुनावणी २८ ऑक्टोबरला आहे. हॅल्डेन सापडलेला नाही. सव्वीसपैकी एकोणीस जोड्या डोंगर ओलांडून गेल्याची खबर आहे. उरलेल्या सात कुठे आहेत, ते किल्ल्यावर कोणी सांगत नाही.