दशरथची मांडी आणि मी

मी एक जुनी, घडीची लोखंडी खुर्ची आहे. साकीनाक्याच्या एका गाळ्यात माझा जन्म झाला. कारागिरांनी पाइप वाकवले, जोड मारले, हिरवा रंग लावला आणि बसायला नायलॉनची पट्टी विणली. मित्रांनो, आज ती पट्टी सैल पडली आहे, रंगाचे पोपडे निघाले आहेत. पण घाटकोपरच्या टेकडीवरच्या एका बैठ्या चाळीत एके काळी माझा काय थाट होता! खरं सांगायचं तर तिथल्या दशरथच्या घरात मला भीतीने आणलं होतं.

साल होतं १९८४. गिरणीची नोकरी सुटल्यावर दशरथ मुलुंडच्या एका कारखान्यात माल बांधायच्या कामाला लागला होता. गिरणी सुटली, पण पखवाज सुटला नाही. नंदूबुवांच्या भजनी मंडळात पखवाजावर तोच बसायचा. मंडळाची एक रीत होती. पहिल्या अभंगाला घातलेली मांडी शेवटचा गजर होईपर्यंत मोडायची नाही. दोन-दोन तास! जो मोडील तो कच्चा.

एका रविवारी सराव संपला, दशरथ उठायला गेला आणि धाडकन पडला. उजवा पाय पार बधिर. चार-पाच मिनिटांत पाय पूर्ववत झाला, पण तेवढ्यात शेजारच्या चंद्रप्रकाशने सगळ्यांना घाबरवून सोडलं.

"मांडीने नसा आवळतात ना भाऊ! एक दिवस लकवा मारेल, वाट लागेल."

दशरथची बायको रत्नप्रभा धास्तावली. दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन आली. "आजपासून जमिनीवर बसायचं नाय. मांडी बंद!"

शेजारणी मला हात लावून बघायला येत. मी फुगून गेले हो! दशरथ ताट हातात धरून माझ्यावर जेवायचा आणि आमटी शर्टावर सांडायचा. कधी नकळत पाय वर घेऊन माझ्यावरच मांडी घालायचा. रत्नप्रभा ओरडली की गुपचूप पाय खाली. पण पखवाज काही माझ्यावर बसून वाजेना. स्टुलावर ठेवला तर घसरायचा, गुडघ्यांत धरला तर हात नीट पडायचा नाही.

अशात मानखुर्दला बारी ठरली. बारी म्हणजे दोन मंडळांचा समोरासमोर भजनाचा सामना. नंदूबुवा घरी आले, थोडा वेळ दारातच घुटमळले.

"दशरथा, खुर्चेर बसान वाजयतलस? लोक हसतले रे. मी मालाडच्या पखवाजवाल्या लवूक विचारतंय."

"विचार," दशरथ म्हणाला.

बुवा गेले. दशरथने पखवाजाला खोळ घातली आणि भिंतीकडे तोंड करून रडला. गिरणी गेली तेव्हाही तो रडला नव्हता, असं रत्नप्रभा नंतर शेजारणीला सांगत होती. मला पहिल्यांदाच माझी लाज वाटली.

पुढे तो माझ्यावर बसून तासन्‌तास रेडिओ ऐकायचा. एका संध्याकाळी तो उठला आणि पुन्हा पडला! या वेळी मांडी घातलेली नव्हती. माझाच पुढचा पाइप गुडघ्यामागे रुतून त्याचा पाय बधिर झाला होता.

"अगो बाई! मग मांडीवर कशाला आळ घेतला आपण?" रत्नप्रभा म्हणाली आणि तशीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली. परतताना तिने नंदूबुवांना वाटेतच गाठलं आणि घरात आणलं.

"डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बुवा. लकवा-बिकवा काय नाय. नस दबली की मुंग्या येतात, पाय मोकळा केला की जातात. नाय गेल्या, नायतर गुडघे दुखले, तर परत या म्हणाल्या. मांडी घाला नायतर खुर्चीत बसा, पण दोन तास एकाच बैठकीत नको. मधून मधून उठायचं."

"आणि आमची रीत?"

"देव काय तुमची मांडी बघायला येतो, की भजन ऐकायला?"

बुवा खाली बघत म्हणाले, "माझो पाय धा वर्सां झाली, दर बारीच्या वेळाक बधिर होता. लाजेन कोणाक सांगूक नाय."

दशरथ खो खो हसत सुटला. हसता हसता त्याने पखवाजाची खोळ काढली.

मानखुर्दला तोच वाजवायला गेला. आमचं मंडळ दर दोन अभंगांनंतर उठून पाय मोकळे करत होतं म्हणे. समोरचे आधी हसले, आणि मग हळूच तेही उठले.

मी मात्र घडी होऊन दाराआड गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तिथून पखवाज फार छान ऐकू यायचा. ते दिवस आठवले की अजून भरून येतं.

मित्रांनो, मला कधीमधी पुसा, गंजू देऊ नका. जमिनीवर बसा किंवा माझ्यावर बसा, माझी काही तक्रार नाही. फक्त अंग काही सांगत असेल तर ते ऐका, आणि लाजू नका. नंदूबुवांनी दहा वर्षं तो बधिर पाय एकट्याने सोसला, आणि सोबत सगळं मंडळ तशीच मांडी घालून बसलं होतं; एकाला तरी सांगता आलं असतं.