गाठ तेवढीच आहे

चला मुलांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर लहान व्हा. मुंगीएवढे नाही, त्याहून लहान. मुंगीच्या पायाला लागलेला धुळीचा कण तुम्हाला डोंगराएवढा वाटेल, इतके. आता तुम्ही एका काचेच्या बशीत उभे आहात. पायाखाली फरशी आहे, पण दगडाची नव्हे, जिवंत पेशींची. प्रत्येक पेशी शेजारणीला खेटून आपल्या जागी गुमान बसली आहे. वरून लालसर पाणी आलं. गाळलेलं, स्वच्छ. त्यात कुणी राहत नाही. आणि तरी काही वेळाने तुमच्या पायाखालची फरशी सरकू लागली.

हे एके दिवशी सकाळी एका बाईने पाहिलं. प्रयोगशाळेत पेशी सांभाळणं हे तिचं काम. त्यांना खाणं घालायचं, पाणी बदलायचं, दाटी झाली की दुसऱ्या बशीत हलवायचं. सणवार, आजारपण, काही असो, पेशींना सुट्टी कळत नाही. तिचा थोरला भाऊ तिला ‘गुराखीण’ म्हणून चिडवायचा. त्या दिवशी ती गुराखीण बशी झाकून थेट भावाच्या दुकानात आली होती. त्याला दवाखान्यात न्यायचं होतं, आणि तो ऐकत नव्हता.

भाऊ पत्र्याचं काम करायचा. धुराडी, पन्हळी, भट्ट्यांवरची झाकणं. ती आली तेव्हा तो स्टुलावर बाही वर करून बसला होता आणि त्याची मुलगी त्याच्या दंडावरच्या गाठीला कॅलिपर लावत होती. पत्र्याची जाडी मोजायचं तेच ते चिमट्यासारखं हत्यार.

“बाबा, हलू नका ना.”

“हलत नाही हो इन्स्पेक्टर. गार लागतंय.”

पोरीने आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि तिचा चेहरा फुलला. “तेवढीच आहे! आत्या, बघ, मागच्या वेळेएवढीच. केसभरही वाढली नाही.”

“ऐकलंस?” दादा बाही खाली ओढत म्हणाला. “वाढत नाही, दुखत नाही, खायला मागत नाही. असली पाहुणी मिळायला भाग्य लागतं.”

“दादा, डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलंय. आज बोलावलंय. याआधी दोनदा टाळलंस तू.”

“बेकरीवाल्याचं धुराडं अडलंय. ते झालं की जाऊ.”

“मागच्या वेळी कुणाचं अडलं होतं?”

“तू वकील का नाही झालीस गं?” तो हसला आणि मोगरी उचलून पत्र्याकडे वळला. मोगरी म्हणजे त्याचा लाकडी हातोडा. वहिनी गेल्यापासून तो असाच होता. दुखण्याचा विषय निघाला की ठोकाठोक सुरू.

आत्याने मोगरीचा दांडा धरला. “मी आज सकाळी काय पाहिलं ते ऐक, मग ठोक. कॅन्सरच्या पेशी ज्या पाण्यात वाढल्या होत्या, ते पाणी आम्ही गाळलं. एकही पेशी उरली नाही. मग ते चांगल्या पेशींवर घातलं. काल त्या शहाण्यासारख्या रांगेत होत्या. आज बघ.”

तिने फोनवर दोन फोटो दाखवले. पहिल्यात फरशी. दुसऱ्यात रांगा मोडलेल्या, पेशी लांबट झालेल्या, जणू अंधारात चाचपडत कुठेतरी निघालेल्या.

“पाण्यात कुणी नव्हतं, तर हे केलं कुणी?” पोरीने विचारलं.

“पुड्यांनी. पेशी आपल्या कातडीच्या बारीक बारीक पुड्या बांधते आणि बाहेर सोडते. आमच्या गाळणीतूनही निसटतात, इतक्या बारीक.”

“पुड्या तूच सोडतेयस,” दादा म्हणाला. पण मोगरी त्याने उगारली नव्हती. कारागिराला एक प्रश्न छळत होता. “कातडी म्हणजे पत्राच म्हणायचा. पत्रा आपोआप वाकत नाही. खाली ठोकळा लागतो. तो कुठून येतो?”

“ठोकळे असतात. प्रथिनांचे. कोयरीसारखे बाकदार. कातडीला आतून चिकटतात आणि कातडी त्यांच्या बाकाप्रमाणे वळते. फुगवटा येतो, मग त्याची मान आवळली जाते. झाली पुडी तयार. काही ठोकळे आम्ही बंद पाडून पाहिले, तर पुड्या कमी झाल्या आणि शेजारच्या पेशी बऱ्याच शांत राहिल्या. पुड्या बांधायचे हे कारखाने चांगल्या पेशींतही असतात बरं. तिथे ते साधं टपाल असतं. कॅन्सरच्या पेशीत मात्र कारखाना हाताबाहेर जातो.”

“आणि पुडीत काय असतं?”

“हुकूम.” आत्याचा आवाज खाली आला. “रक्ताच्या नळ्या इकडे वळवा. रोगाशी लढणाऱ्या पहारेकरी पेशींना गुंगवा. आणि लांब, फुप्फुसात वगैरे, आमच्यासाठी जागा करून ठेवा. गाठ स्वतः जागची हललेली नसते, दादा. पण तिची बिछायत दुसऱ्या घरी आधीच पडलेली असू शकते.”

भिंतीला टेकवलेला पत्रा उगाचच एकदा थरथरला आणि थांबला.

“ही गाठ तसलीच आहे असं मी म्हणत नाही,” आत्या म्हणाली. “निरुपद्रवीही असेल. ते तुकडा बघितल्यावरच कळेल. ‘तेवढीच आहे’ यावरून नाही कळत.”

पोरीच्या हातात कॅलिपर तसाच होता. “मग मी काय मोजत होते?”

आत्या तिच्यापाशी वाकली. “तू बरोबर मोजत होतीस, राणी. गाठच मोजत होतीस. तिच्यातून जे बाहेर पडतं, ते या कॅलिपरमध्ये धरता येत नाही.”

“पण बाबा मला विचारायचे आणि मी सांगायचे तेवढीच आहे, म्हणून ते जायचे नाहीत.”

“हॅ! तुझ्यामुळे कशाला?” दादा घाईघाईने म्हणाला. “मलाच वेळ नव्हता. जाऊ की आपण. उद्या. धुराड्याचं एवढं तोंड वळवलं, की...”

त्याने मोगरी उचलली. पहिला ठोका पडला. दुसरा पडला. आत्याला त्या आवाजात आपलं हरणं ऐकू आलं.

पोरीने कॅलिपर फळीवर ठेवला आणि ती बाहेर गेली. रुसली असेल, असं दोघांनाही वाटलं. मग वर काहीतरी करकरलं. शटरच्या दांडीला ती दोन्ही हातांनी लोंबकळली होती, पाय जमिनीवरून सुटलेले. शटर थोडं अडलं आणि तिच्या वजनाने धडधडत खाली आलं. दुकानात काळोख झाला. तिसरा ठोका पडलाच नाही.

बाहेरून बेकरीवाल्याचा आवाज आला. “काय गं, भर दिवसा बंद? माझं धुराडं न्यायला आलोय. बाबा कुठं आहेत?”

“दवाखान्यात गेलेत.”

“आत्ता तर ठोकल्याचं ऐकलं मी.”

“दवाखान्यात गेलेत, काका,” ती पुन्हा म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. “तुमचं काम उशिरा होईल.”

आत काळोखात दादाने मोगरी हळूच खाली ठेवली आणि अंगातला मळका सदरा उतरवून तो खुंटीवरचा धुतलेला सदरा चाचपू लागला. शटर पुरतं टेकलं नव्हतं. खालच्या फटीतून आत्याला पोरीच्या चपला दिसत होत्या. बेकरीवाल्याचे बूट बराच वेळ समोर उभे राहिले, मग निघून गेले. त्यानंतर पोरीने पाठ शटरला टेकवली आणि ती तिथेच उभी राहिली.