उस्तादांचा डावा कान

मित्रांनो, मी कानाच्या दवाखान्यातला एक जुना लेझर आहे. नाव ऐकून दचकू नका. दिसायला मी चाकांवरचं कपाट. माझा किरण तर दिसतही नाही. तो कुठे पडणार हे दाखवायला एक लाल ठिपका असतो. डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकातून बघत तो ठिपका कानाच्या पडद्यावर नेमका आणतात आणि पायाखालचं बटण दाबतात. जुन्या सुजेमुळे पडद्यावर जे ओलं मांस वाढलेलं असतं, तेवढंच मी वाफ करून उडवतो. कारखान्यातून आलो तेव्हा मला याची भारी मिजास होती. बाईंचा हात पाहिला आणि ती उतरली. नेम त्यांचा असतो.

एकदा एक मोटार मेकॅनिक आले. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं ओळखत. पण त्यांचा डावा कान सात वर्षं वाहत होता. कानात घालायचे थेंब झाले, गोळ्या झाल्या, गुण शून्य.

"बाई, हा कान गेला तर मी कामातून गेलो," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

उपचार झाला. उस्ताद दगडासारखे निश्चल बसले. पण महिन्याभरात कान पुन्हा ओला. दुसऱ्यांदाही तेच.

"यंत्र म्हातारं झालंय, दुसरं काय!" सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या खेपेला उस्ताद माझ्याशेजारी वाट बघत बसले होते. माझा पंखा घरघरत होता. त्यांना राहवेना. त्यांनी खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक माझ्या अंगाला लावलं आणि मूठ डाव्या कानात दाबून डोळे मिटले. तेवढ्यात बाई आत आल्या.

"हे काय चाललंय?"

"याच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, बाई."

"गॅरेजमध्येही असंच ऐकता?"

"मग! दिवसातून वीसदा. डाव्यानंच. बोलणं उजव्यानं ऐकतो, पण यंत्राच्या बाबतीत उजव्यावर आपला भरवसा नाही."

बाईंनी कापसानं ती मूठ पुसली. कापूस काळाकुट्ट झाला.

"अहो उस्ताद, मी साफ करते आणि तुम्ही पुन्हा घाण भरता! आता तीन महिने डाव्या कानाला काही लावायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

उस्तादांचा चेहरा पडला. भरवशाचा कान मिटून काम करायचं म्हणजे त्यांच्या जिवावरच आलं. तरी त्यांनी मुकाट्यानं स्क्रू ड्रायव्हर सिस्टरच्या हातात दिला. त्या दिवशी बाईंनी मला तिसऱ्यांदा चालवलं.

तीन महिन्यांनी ते बायकोला घेऊन आले. बाईंनी कानात पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि हसल्या. "खडखडीत कोरडा!"

मित्रांनो, कान वाहत असेल तर लपवू नका, त्यात काड्या घालू नका, डॉक्टरांना दाखवा. वाढलेलं काढणं माझं काम. पण नंतर जपायचं ज्याचं त्यानंच. उस्तादांनी जपलं, म्हणून खरं कौतुक त्यांचं.

निघताना बायको सवयीनं त्यांच्या उजव्या हाताला गेली. सात वर्षं ती त्याच बाजूनं चालत आली होती, बोललेलं ऐकू जावं म्हणून. दारात ती थबकली, वळसा घालून डावीकडे आली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. उस्ताद खळखळून हसले.