युक्तिवादातली फट

क्लासमध्ये तिला सगळे तर्कबाई म्हणत. समोर 'बाई', पाठ फिरली की तर्कबाई. "कशा आहात?" असं कुणी विचारलं तरी ती "कशावरून विचारताय?" म्हणेल, असा पोरांचा विनोद होता. तो तिच्या कानावर आला होता आणि मनातून आवडलाही होता.

नोकरीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना ती वीस वर्षं एकच विषय शिकवत होती. खाली एक युक्तिवाद दिला आहे, पुढच्या पाच पर्यायांपैकी कोणता त्याला बळकटी देतो? फळ्यावर ती दोन चौकोन काढायची, एकात कारण, दुसऱ्यात निष्कर्ष. "या दोघांच्या मध्ये फट असते," ती सांगायची. "ती बुजवणारा पर्याय शोधा. पर्याय खरा आहे की खोटा, ते तुमचं काम नाही. खरा धरून चाला."

तिचा धाकटा भाऊ लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत सेफ्टी सुपरवायझर होता. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. एका रविवारी दुपारी तो जेवायला आला आणि ताटावर बसायच्या आधीच त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"ताई, जरा भाषा बघ ना. उद्या द्यायचाय."

बुधवारी त्यांच्या साईटवर एक मेकॅनिक सहाव्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात पडला होता.

"वाचला?"

"जागच्या जागी गेला."

तिने त्याचं ताट वाढलं. मग तिने चष्मा लावला. कागदावर चारच ओळी होत्या. मयताने बेल्ट बांधला नव्हता, सबब अपघातास तो स्वतः जबाबदार आहे.

"भाषा ठीक आहे," ती म्हणाली. "पण मुद्दा लंगडा आहे. बेल्ट बांधला नव्हता म्हणतोस, पण त्याच्याकडे बेल्ट होता हे कुठे आहे? नसलेला बेल्ट माणूस कसा बांधेल? सकाळी बेल्ट घेतल्याची त्याची वहीत सही असेल, तर ते लिही. शिवाय तिथल्या बाकीच्यांनी बेल्ट बांधले होते असं आलं, की मग कुणाला बोट ठेवायला जागा नाही."

भावाने तोंडातला घास तसाच धरला होता.

"आहे ना तशी सही?" तिने विचारलं.

"असेल. बघतो."

'असेल' हा शब्द तिला खटकला. विद्यार्थ्याने असं उत्तर दिलं असतं, तर तिने त्याला उभं करून सोलून काढलं असतं. पण समोर भाऊ होता, आठवडाभरात त्याचे गाल बसले होते. तिने त्याला आणखी वाढलं आणि विषय बदलला.

क्लासमध्ये पुढच्या बाकावर एक मुलगी बसायची. सारखा हात वर, म्हणून पोरांनी तिचं नाव शंका ठेवलं होतं. त्या आठवड्यापासून ती यायची थांबली. तिचे वडील अपघातात गेले, असं मुलांकडून कळलं. कसला अपघात, हे विचारायचं बाईंना सुचलं नाही. रस्त्यावर रोज इतकी माणसं जातात.

महिन्याभराने शंका आली. क्लास सुटेपर्यंत मागे बसून राहिली आणि खोली रिकामी झाल्यावर टेबलापाशी आली. हातात चौकशीच्या अहवालाची प्रत होती.

"बाई, युक्तिवाद कच्चा कसा करायचा ते तुम्ही शिकवलंय. यात कुठे फट सापडते का, बघाल?"

बाईंनी वाचायला घेतलं. 'सदर दिवशी सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी कंपनीच्या कार्यालयात बेल्ट स्वीकारल्याबद्दल मयताची नोंदवहीत सही आहे. त्याच ठिकाणी काम करणाऱ्या अन्य दोघांनी बेल्ट बांधलेले होते.' आधी सही, मग बाकीचे. तिने ताटावर बसून सांगितलं, त्याच क्रमाने.

"सगळे म्हणतात, बाबा बेफिकीर होते," शंका सांगत होती. "पण आठ दहाला ते त्या ऑफिसात नव्हतेच, ऑफिस इथून तासाभरावर आहे. त्या सकाळी मला सोडायला इथे आले होते. मला उशीर झाला म्हणून तुम्ही रागावलात, तेव्हा ते दारात उभे होते. आठवतंय, बाई?"

आठवत होतं. उंच, किडकिडीत माणूस, हातात हेल्मेट. "चूक माझी आहे, बाई, पोरीला बोलू नका," असं म्हणाला होता. घड्याळाकडे बोट दाखवून तिने त्यालाही दोन शब्द सुनावले होते. सव्वाआठ झाले होते. हजेरीपटावर मुलीच्या नावापुढे तिने लाल शाईने वेळही लिहिली होती.

"कागद ठेवून जा," ती म्हणाली.

तिथून ती सरळ भावाच्या घरी गेली. वहिनीला स्वयंपाकघरात जायला सांगून त्याने दार लोटलं. त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत.

"बेल्ट दोन होते, माणसं तीन. मी वर तीनदा मागणी केली होती. साहेब म्हणाले, बोट कुणाकडे तरी दाखवावंच लागेल, तुझ्याकडे दाखवू का?" तो खाली बघत बोलत होता. "मेलेल्या माणसाचं आणखी काय बिघडणार होतं, ताई?"

"मी तुला विचारलं होतं. सही आहे ना, म्हणून."

"विचारलंस. मी 'असेल' म्हणालो." त्याने मान वर केली. "तेव्हा तुला कळलं नव्हतं?"



ज्याला हाताने भरवलं, त्याच्या मुळावर उठायचं होतं. तिसऱ्या दिवशी ती हजेरीपट घेऊन चौकशी अधिकाऱ्यांपुढे गेली. मयत त्या वेळी कुठे होता ते तिने सांगितलं आणि अहवालातली ती दोन वाक्यं कुणी सुचवली, तेही सांगितलं. दुसरी गोष्ट त्यांनी विचारली नव्हती. लेखनिकाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहू लागला.

सही खोटी ठरली. मेकॅनिकच्या माथ्यावरचा बट्टा गेला. कंपनीने हात झटकले. सुपरवायझरने परस्पर केलं, आम्हाला पत्ताही नाही. मागणीचे ते तीन अर्ज कुठल्याच फाइलीत सापडले नाहीत. भावाला नोकरीवरून काढलं आणि खोटा कागद केल्याबद्दल त्याच्यावर खटला उभा राहिला. साहेब बढती घेऊन दुसऱ्या शाखेत गेले. वहिनीने तिच्या तोंडावर दार लावलं. "परक्याच्या पोरीसाठी घर बुडवलंत," एवढं मात्र दाराआडून ऐकू आलं.

शंका आणखी एकदाच आली, क्लासची पुस्तकं परत करायला. तिच्या आईला बाईंच्या जबाबाची प्रत मिळाली होती. पुस्तकं टेबलावर नीट रचून ती उभी राहिली.

"बाई, तुम्ही ती वाक्यं सांगितलीत, तेव्हा एक माणूस मेलाय हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"माझे बाबा आहेत, हे नव्हतं माहीत."

"नाही."

शंकाचा हात अर्धवट वर आला. तिची नेहमीची सवय, पुढचा प्रश्न तिच्या ओठांवर आलेला बाईंना दिसला. ती आता विचारेल, म्हणून बाईंनी टेबलाची कड धरली. पण तिने तो विचारला नाही.

"बरं," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. ती दुसऱ्या क्लासला जाऊ लागली, हे पुढे मुलांकडूनच कळलं.

खटला अजून चालू आहे. दर तारखेला तर्कबाई रजा टाकून कोर्टात जाते आणि मागच्या बाकावर बसते. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला वहिनी असते. भाऊ आत येताना बायकोकडे बघतो, मग वकिलाकडे.