धारगळची बोलकी गाडी

गाडी रडते, ही बातमी धारगळहून पेडण्याच्या बाजारात पोहोचायला एक सकाळ पुरली होती. आणि आज, रविवारी, गोकुळदासच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. हमरस्त्यावरच्या बसमधून माणसे मधेच उतरत, चपला माडाच्या बुंध्याशी सोडत आणि हात जोडून पुढे सरकत. अंगणात, विहिरीच्या पंपाच्या सिमेंटी चौथऱ्याला जवळजवळ खेटून, ती उभी होती : पणजीहून जुनी म्हणून विकत आणलेली पांढरी मोटारगाडी. तिचा पांढरेपणा आता शोधावा लागत होता. टपावर हळद, काचेवर कुंकवाचे ओघळ, पुढच्या चाकाशी कोंबड्याचे रक्त सुकून काळे पडलेले, आणि त्या काळ्यावर माश्यांचे एक जिवंत, हलते झाकण. कुणीतरी तिच्या आरशाला हिरव्या बांगड्या चढवल्या होत्या. एक म्हातारी दरवाजाच्या मुठीला कपाळ टेकून हरवलेल्या म्हशीची चौकशी करीत होती.

चंद्रावती फाटकाशीच थबकली. ती गोकुळदासची थोरली बहीण. डिचोलीला दिलेली आणि तिथेच उच्च माध्यमिक विद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारी. उन्हात आंबलेल्या लिंबांचा वास तिच्या घशात उतरला. ज्या अंगणात तिने लहानपणी शेण सारवले, रांगोळ्या काढल्या, त्याच अंगणाची तिला शिसारी आली. आणि ती शिसारी माश्यांमुळे आलेली नव्हती. सोप्यावर एक पत्र्याची ट्रंक सुतळीने बांधून ठेवली होती. त्या ट्रंकेमुळे आली होती.

ट्रंक वत्सलेची. वत्सला म्हणजे धाकट्या भावाची, अनंतची, विधवा. अनंत सुर्ल्याच्या खाणीवर टिप्पर चालवायचा. चढणीवर तो टिप्पर उलटला, त्याला दोन पावसाळे झाले. घराचा अर्धा भाग अनंतचा, म्हणून आता वत्सलेचा. गाडी घरी आल्यापासून सकाळी वत्सला अंगणात उतरली की गाडी किंकाळी फोडायची. गावात देवदेवस्की करणाऱ्या बाबली घाड्याने त्याचा अर्थ लावला होता : जिने घोवाला खाल्ले, तिची सावली लोखंडालाही सोसवत नाही. आज सर्वांसमक्ष शेवटची साक्ष व्हायची होती. गाडी बोलली, की वत्सलेने संध्याकाळच्या बसने बांद्याला, भावाकडे जायचे. परत यायचे नाही. साक्ष अजून व्हायची होती, पण ट्रंक भरून झाली होती. गोकुळदासच्या दुकानातल्या सिमेंटच्या गोण्याही वत्सलेच्या खोलीच्या दाराशी येऊन रांगेत उभ्या राहिल्या होत्या.

"गोकुळ, गाडयेचो रिमोट खंय असा?" चंद्रावतीने भावाला बाजूला घेऊन विचारले.

"देवाच्या ताटात, तांदळात पुरून ठेवलो असा. बाबलीदादान सांगल्यान, जा बोलता तेचा तोंड दाबूचा नाय."

"म्हणजे गाडी दिवसरात्र कुलपात, आणि अलार्म दिवसरात्र जागो. हो अलार्म गाडयेबरोबर इल्लो?"

"नाय गो, ताय. मागसून म्हापशाक बसवून घेतलो. त्याच आठवड्यात दादान गाडयेची पूजा केल्यान, बांधणी केल्यान."

"बांधणी? खंय?"

"पुढे, इंजिनाच्या तोंडार. रडली की दादा नवी बांधणी करता."

"आणि बांधल्यार रडणा कमी होता?"

गोकुळदास घुटमळला. "उलट वाढता. दादा म्हणता, आतलो चवताळता." मग एकदम खेकसला, "तुझी शाळा डिचोलयेक ठेवून ये गो! हय प्रश्न विचारू नको."

वत्सला आपल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली होती. नणंदेला पाहून ती उठली नाही.

"वन्सं, तुम्हीपण बघूक इलात?"

"तुका न्हेऊक कोण येता, ता बघूक इलंय."

"कोण कित्याक येयत? मीच जातंय." वत्सला खाली बघून बोलत होती. "पयले पयले माका राग येई. आता माकाच वाटता, माझ्यात काय तरी असात. माडांक पाणी सोडूक पंपाचा बटन दाबतंय ना, तेव्हा मी कान आदीच झाकून घेतंय. माका ठावक असता, आता ती वरडतली."

लोक वत्सलेला काय म्हणतात, ते ऐकण्याची चंद्रावतीची तयारी होती. वत्सलेने ते स्वतःच्या तोंडाने म्हणावे, याची नव्हती. एका जितीजागत्या बाईच्या मनात शिरून, तिथे बसून, तिच्याच आवाजात तिच्याविरुद्ध बोलणारे हे जे काही होते, तेच या घरातले खरे भूत होते. आणि ते काढायला नारळ उपयोगाचा नव्हता.

"पंपाचा बटन दाबल्यार?" तिने हळूच विचारले. "पंप चालू नसताना, नुसतीच गाडयेकडसून गेलंस तर?"

वत्सलेने प्रथमच मान वर केली. "ता कोण बघता?"

बाहेर गलका झाला. बाबली घाडी आला होता. रेशमी सोवळे, कपाळभर शेंदूर, गळ्यात तीन पदरी माळ, मनगटावर चकचकीत घड्याळ. त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि आवाज चढवला.

"ही गाडी म्हणू नकात, ही आवय, सगळ्यांची आई! हिच्या पोटात देवचार, गावचो राखणदार, बसलो असा. तो पेट्रोल पिता आणि सत्य ओकता! डॉक्टराक एक्सरे लागता, माका लागना नाय. माझो एक्सरे म्हणजे हो नारळ!"

"व्हय म्हाराजा!" अंगण एकमुखाने ओरडले.

"वाहत्या पाण्याची साक्ष होयी! शंभू, पंप सुरू कर!"

शेजारच्या शंभूने बटन दाबले. पंप घरघरला. चौथरा थरथरला, त्याला लागून असलेली जमीन थरथरली, आणि गाडीच्या आरशावरच्या हिरव्या बांगड्या एकमेकींवर आपटून बारीक किणकिणू लागल्या. ते किणकिणणे साऱ्या गर्दीत एकट्या चंद्रावतीने ऐकले. वत्सला सोप्याच्या पायऱ्या उतरली. तिने खरोखरच दोन्ही कान झाकून घेतले होते.

गाडी किंचाळली.

गर्दी मागे हटली. आईने लेकराला पदराखाली घ्यावे तशी प्रत्येकाने आपापली भीती छातीशी घेतली, आणि त्या भीतीत एक ओंगळ समाधानही होते : आपले घर वाचले, दुसऱ्याचे सापडले. घाडी हात उंचावून गाऱ्हाणे घालू लागला. "हे राखणदारा म्हाराजा! पाणी थांबव रे, शंभू! ह्या अंगणात तुझी लेकरा उभी असत म्हाराजा..." पंप थांबला. सायरन चालूच होता. गाऱ्हाणे लांबत गेले, लेकरांवरून गुरांवर, गुरांवरून माडांवर आले. घाड्याचे डोळे मिटलेले होते, पण घड्याळाकडचा डोळा काही पूर्ण मिटत नव्हता. मग एकाएकी त्याने तांदूळ फेकले, "थांब!" म्हणून गर्जना केली, आणि सायरन थांबला.

"बघितलास? आता ती ट्रंक उचला."

"उचलू नकात," चंद्रावती पायरीवरून म्हणाली. तिचा आवाज वर्गातला होता. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "एकदा झाला तेका आमी साक्ष म्हणना नाय. परत करूया. वत्सला सोप्यार बसतली. चलतले तुमी, बाबलीदादा."

"देवाची परीक्षा घेतंस, बाय?"

"देवाची नाय. गाडयेची."

घाडी हसला. "आज पुरे. देव दमलो."

पण ज्या गर्दीला त्याने तमाशाची चटक लावली होती, ती आता तमाशा सोडायला तयार नव्हती. मागून कोणी ओरडले, "चला की, दादा! तुमका कसलो भय?" दुसरा म्हणाला, "देवचार तुमच्या घरचोच ना?" लोक खदखदले. घाड्याला पाऊल टाकावे लागले, आणि त्याने ते टाकले, पंप बंद आहे हे आधी पाहून.

चंद्रावतीने स्वतः जाऊन बटन दाबले. "वाहत्या पाण्याची साक्ष तुमकापण होयी मा?"

पंप घरघरला. बांगड्या किणकिणल्या. गाडी घाड्याच्या तोंडावर किंचाळली.

"आता सांगा, दादा," चंद्रावतीने त्या कर्कश आवाजावर आवाज चढवून विचारले, "तुमी कोणाक खाल्लात?"

घाड्याने घाईघाईने हात उंचावले. "हे राखणदारा..."

"तुमी गप ऱ्हवा. ह्या वेळचा गाऱ्हाणा मी घालतंय." तिने पंप बंद केला, हात जोडले आणि घाड्याच्याच सुरात सुरुवात केली, "हे पणजी म्हाराजा! हे पर्वरी म्हाराजा! गिरीक कोण उतरता म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!" सवयीने तीनचार जण ओरडले आणि ओशाळले.

"म्हापशाक बस थांबतली म्हाराजा! कोलवाळचो पूल इलो म्हाराजा! धारगळवाल्यांनी पुढे येवचा म्हाराजा..." आणि धारगळ आले तेव्हा सायरन आपोआप बंद पडला.

"अर्ध्या मिनिटान तो गप होता," चंद्रावती म्हणाली. "कोणी गाऱ्हाणा घाला, कोणी बसचे थांबे सांगा. तो तसोच बनवलेलो असा. दादांक ता घड्याळात दिसता, इतक्याच. गोकुळ, रिमोट हाड."

गोकुळदासने तांदळात हात घातला. गाडी उघडली, आणि बॉनेट वर गेले तसा जो वास बाहेर आला, त्याने पुढच्या रांगेतले भक्त नाकाला पदर लावून मागे सरले. बॉनेटच्या कुलपाजवळच्या पट्टीवर लाल फडक्यांची बांधणी होती. एकावर एक, एकावर एक. काळी लिंबे, कुजलेल्या मिरच्या, कोळसा, सुपाऱ्या, कोंबड्याची पिसे, आणि त्या सर्वांतून पाझरलेला एक चिकट, तपकिरी रस. भक्तीचा आतून पाहिलेला चेहरा असा असतो, असे चंद्रावतीच्या मनात आले. तिने पदर खोचला आणि त्या बांधणीच्या बाजूची, करंगळीएवढी, स्प्रिंगवर बसवलेली खुंटी सर्वांना दाखवली.

"ह्या अलार्मचा बटन. बॉनेट बंद असला की ता खाली दाबलेला ऱ्हवता, अलार्म गप ऱ्हवता. चोरान बॉनेट उचलल्यान की खुंटी वर येता आणि सायरन वाजता. आता ह्या गाठोड्यान बॉनेट खालसून उचलून धरलेला असा. खुंटी जेमतेम टेकता. पंपान जमीन हलली, बॉनेट केसभर हलला, की अलार्माक वाटता चोर इलो. दर बांधणीन गाठोडा वाढला, आणि दर गाठोड्यान रडणा वाढला. ह्या घराक लागलेला भूत बाबलीदादांनी स्वतःच्या हातान बांधून दिलेला असा."

"पण माझी सावली..." वत्सलेचे शब्द अर्धेच राहिले.

"तू पंप सुरू करीस. कोणाचीच सावली बॉनेट हलवना नाय गो. पंपाची मोटार हलवता. आणि ह्या तुका ठावक नव्हता, पण दादांक ठावक होता. नायतर दर साक्षीक तेंका वाहता पाणी कित्याक लागता?"

तिने ती फडकी स्वतःच्या हातांनी सोडवून जमिनीवर टाकली, बॉनेट दाबून बंद केले, रिमोटने कुलूप लावले आणि पंप सुरू केला. बांगड्या किणकिणल्या. वत्सला पायऱ्या उतरली, गाडीसमोरून गेली, परत आली, आणि मग, कोणी न सांगता, बॉनेटवर तळहात टेकून उभी राहिली. तिचे कान उघडे होते. गाडी गप्प होती. पाणी पाटातून माडांकडे चालले होते.

"बघितलास?" फाटकाकडे सरकता सरकता घाडी ओरडला. "माझ्या बांधणीन आतलो पळालो!"

"व्हय म्हाराजा," कोणीतरी म्हणालेच. आणि ती म्हशीवाली म्हातारी वाकून त्या ढिगातले एक काळे लिंबू प्रसाद म्हणून ओच्यात घेत होती. लबाड घाडी चंद्रावतीला कळू शकत होता. लबाडी उघडी पडल्यावरही तिचे उष्टे वेचणारे हात कळत नव्हते. तिने म्हातारीजवळ जाऊन ते लिंबू अलगद काढून घेतले. "आजये, म्हस शोधूक पायांनी जावचा लागता. चल, मी येतंय तुझ्यावांगडा."

गोकुळदास घसा साफ करीत वत्सलेसमोर आला. "वत्सला, झाला ता झाला. आता ऱ्हव तू."

"माका ऱ्हवूक गाडयेची परवानगी नको, भावोजी. आणि तुमचीपण नको," वत्सला म्हणाली. आवाज कापत होता, पण स्वतःचा होता. "ती ट्रंक तुमी भायर काढलात. ती तुमीच भितर न्हेवची. आदी त्या गोणी उचला."

अंगण बघत राहिले. गोकुळदासने सिमेंटची पहिली गोणी पाठीवर घेतली, मग दुसरी. मग साऱ्या गावासमोर ट्रंक उचलून खोलीत ठेवली.

चंद्रावती फाटकापाशी वळली. "यंत्र वरडला तर यंत्र उघडून बघा," ती जमलेल्यांना म्हणाली. "ता उघडूच्या आदी माणसाकडे बोट दाखवू नकात. इतक्याच मागणा असा. हेका शाळा शिकूची गरज नाय, नारळ फोडूची तर नायच नाय."

या वेळी कोणी 'व्हय म्हाराजा' म्हटले नाही. ती म्हातारीचा हात धरून रस्त्याला लागली. मागे बॉनेटखालून काढलेल्या त्या गाठोड्यांवर वत्सला पाटातले पाणी सोडत होती.