जुन्या नंबरचा मास्क

नाताळच्या सुट्टीनंतर सोमवारी शाळा उघडणार होत्या, आणि माझा थोरला भाऊ वेंडेल पोरांनी भरलेली बस घेऊन हायवेवर निघणार होता. त्याला धड दिसत नाही असा मला संशय होता. नुसता संशय. ऑक्टोबरात त्याने बसच्या धक्क्याने एका घरासमोरची, रस्त्याकडेची टपालपेटी आडवी केली. नोव्हेंबरात आगारातल्या खांबाला बसचा आरसा घासला. "खांब पुढे आला," म्हणाला. आमच्या शाळाबसच्या आगारात कोणी कुठली बस न्यायची हे मी ठरवते, त्यामुळे उद्या काही आक्रीत झालं असतं तर पाप माझ्याच माथी.

मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "वेंडेल, डोळे दाखवून ये. खात्यात पैसे आहेत ना तुझ्या? त्यांचं काय लोणचं घालणार आहेस?"

आमच्या पगारातून दर महिन्याला थोडे पैसे आरोग्याच्या खात्यात जातात, कर न लागता. औषधं, चष्मे, दात, यांच्यासाठीच वापरायचे. डिसेंबर संपेपर्यंत वापरले तर आपले, नाहीतर बुडाले. त्यामुळे नाताळ आला की आगारात सगळ्यांच्या अंगात येतं. कोणी तीन-तीन चष्मे करतं, कोणी वर्षभराचं सनक्रीम भरून ठेवतं. माझ्या कपाटात मलमपट्ट्या एवढ्या आहेत की अख्ख्या शाळेचे गुडघे फुटले तरी पुरून उरतील.

आणि या शहाण्याने काय घेतलं? पाण्याखाली जायचा मास्क. नंबरच्या काचांचा.

मी होते ना बरोबर. दुकानात त्याने मास्क, पायातले फिन्स, हवेची नवी टाकी, सगळं गल्ल्यावर मांडलं आणि ऐटीत त्या खात्याचं कार्ड पुढे केलं. कार्ड चाललं नाही. गल्ल्यावरची बाई म्हणाली, "साहेब, मास्कला नंबरच्या काचा आहेत, तो चालेल. फिन्स म्हणजे काही औषध नाही."

"पाण्यात गेलं की मला बरं वाटतं. मग औषधच झालं की!"

"मला केक खाल्ला की बरं वाटतं. मी मागते का सरकारकडे?"

मागची रांग खो खो हसली. वेंडेलही हसला आणि बाकीचं सगळं निमूट परत ठेवून आला. बाईने काचांचा नंबर विचारला तेव्हा त्याने तो तोंडीच घडाघडा सांगितला. मला वाटलं, चला, निदान तपासून तरी आला.

"गेला होतास ना डॉक्टरकडे?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"गेलो होतो."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, वय झालं. त्यासाठी शिकावं लागतं होय इतकं?" मग थांबून म्हणाला, "ओपल, तुझी ही पोलीसगिरी पुरे आता. शनिवारी चल माझ्याबरोबर समुद्रात खाली, नेहमीसारखी. बुडालेल्या जहाजावर जाऊ. सगळं वाचून दाखवतो. मग तोंड बंद ठेवशील?"

"ठेवीन. आणि वाचता नाही आलं तर?"

"तर सोमवारी तू म्हणशील तसं."

हसत म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला राग आला होता म्हणून मी हो म्हटलं. शहाण्या माणसाने असली पैज लावू नये. पण आमच्या घरात शहाणं कोण होतं?

शनिवारी वारा होता. बोटवाला नेस्टर कॉफीचा इवलासा पेला माझ्या हातात देत म्हणाला, "आज खाली पाण्याला ओढ आहे. नांगराचा दोर सोडू नका. आणि वेंडेल, तुझा तो नवा मास्क फार चकचकीत आहे रे, मासे लग्नाला बोलावतील तुला."

"बोलावू देत. या वयात कोण विचारतं!"

बोटीवर तो असाच असतो. उडी मारण्यापूर्वी मी त्याच्या हवेचा काटा बघितला. टाकी भरलेली होती. दोर धरून आम्ही उतरलो. हिरवं पाणी निळं झालं, निळं काळपट झालं, आणि खालून जहाज वर आलं.

वेंडेल थेट मागच्या टोकाला गेला. तिथे जहाजाचं नाव आहे, एकेक अक्षर माझ्या हाताएवढं. त्याने एकेका अक्षराखालून बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळून दोन्ही हात पसरले, बघ, वाचलं! अरे गाढवा, पंचवीस वर्षं येतोयस इथे. हे नाव तुला झोपेतसुद्धा येईल.

मी तळहातावर दोन बोटं आपटली. म्हणजे, हवा किती उरली? याला आकड्यानेच उत्तर द्यायचं असतं, बोटांनी. वेंडेलने काटा उचलला, डोळ्यांपाशी नेला, लांब धरला आणि अंगठा नि बोट जुळवून गोल केला. सगळं ठीक.

ठीक? मी आकडा विचारला होता.

पुन्हा बोटं आपटली. आता त्याने मान वाकडी केली, कोंबडा दाण्याकडे बघतो तशी, आणि कडेने काट्याकडे बघत राहिला. मग बोटांनी आकडा दाखवला. तो माझ्या आकड्यापेक्षा मोठा होता. वेंडेल हवा खातो बकासुरासारखी. आजवर एकदासुद्धा त्याची हवा माझ्यापेक्षा जास्त उरलेली नाही.

मी झडप घालून त्याचा काटा हिसकावला. काटा लाल पट्ट्याला टेकला होता.

मी अंगठा वर केला, चल वर, आत्ताच्या आत्ता. तो वळला आणि दोराकडे निघाला. दोर समोर होता, जाडजूड, पिवळा, आंधळ्यालाही दिसेल असा. त्याने हात पुढे केला आणि मूठ मिटली ती दोराच्या शेजारी, पाण्यात. पुन्हा केला. पुन्हा पाणीच. ओढीने त्याला बाजूला नेलं, आणि तो मोकळ्या निळ्यात हात मारत राहिला.

देवा रे! हा जवळचं वाचू शकत नाही एवढंच मला वाटलं होतं. याला समोरचंच दिसत नाही.

मी पाय मारत त्याच्या मागे गेले, टाकीचा पट्टा पकडला आणि त्याला ओढत दोरापाशी आणलं. तेवढ्यात त्याने गळ्यावरून हात आडवा फिरवला. हवा संपली. मी माझ्या टाकीची जादाची नळी त्याच्या तोंडात कोंबली, एका हाताने त्याचा पट्टा धरला, एका हाताने दोर. आता एका टाकीवर दोन जीव. घाईने वर जाता येत नाही, रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस बोटीवर पोचून मरतो. म्हणून मधे दोराला लटकून थांबायचं. आम्ही थांबलो. माझा काटा डोळ्यांदेखत खाली चालला होता. वेंडेल भराभर श्वास घेत होता आणि मी त्याच्या डोळ्यांत बघत होते, हळू, अरे हळू. त्याचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते, पण नेमके माझ्यावर नव्हते. माझ्या कानाकडे बघत होता तो.

काटा तळाला लागत असताना आम्ही वर आलो.

नेस्टरने दोघांना ओढून घेतलं, आमची तोंडं बघितली आणि इंजिनाकडे गेला. वेंडेलने मास्क काढून मांडीवर ठेवला.

"काचा चुकीच्या बनवल्यात," तो म्हणाला.

मी अंगाभोवती टॉवेल ओढला. थंडीने दात वाजत होते.

"जुना नंबर दिला मी," मग हळूच म्हणाला. "चार वर्षांपूर्वीचा."

"नवा का नाही दिलास? डॉक्टरकडे गेला होतास ना?"

"नवा नंबर नाहीच, ओपल. ती म्हणाली, चष्म्याने जाणारं दुखणं नाही हे. नजरेत मधोमध धूर आहे. कडेचं दिसतं, मधलं जातंय." त्याने नाक पुसलं. "पैसे तर संपवायचेच होते. मला वाटलं, जुन्या नंबरने... जुन्यासारखं दिसेल कदाचित."

"कधी गेला होतास?"

"थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी. नोव्हेंबरात."

"आणि गाडी चालवू नको म्हणाली असेल."

तो मास्कच्या काचा अंगठ्याने पुसत राहिला.

"वेंडेल! त्यानंतर सुट्टी लागेपर्यंत रोज बस चालवलीस तू?"

"रस्ता पाठ आहे मला. वळणं पाठ, घरं पाठ, कुठला कुत्रा कुठे बसतो तेसुद्धा—"

"पोरं पाठ नसतात, वेंडेल!" मी किंचाळले. नेस्टरने मागे वळून बघितलं. "पोरं धावत येतात! मधूनच येतात!"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं की नको, मला अजून कळत नाही.

"नोकरी गेली की तिच्याबरोबरचा आरोग्यविमा जाईल," हातांआडून म्हणाला. "मग डोळ्यांचं औषध कुठून करू? त्याची सुई असते, दर महिन्याला."

"बघू."

"काय बघू? तू सोमवारी सगळ्यांसमोर मला घरी पाठवशील."

"हो. पाठवीन."

बोट किनाऱ्याला लागली. गाडी मी चालवली. उतरताना त्याने दार आपटलं.

रविवारी फोन उचलला नाही. सोमवारी पहाटे मी आगाराच्या खिडकीत बसले, जिथून ड्रायव्हर बसच्या किल्ल्या नेतात. त्याची बस मी ग्लेंडा प्रॉफिट या दुसऱ्या ड्रायव्हरच्या नावावर टाकली होती, पण तिला अजून सांगितलं नव्हतं. वाटत होतं, तो येऊ नये. मग वाटत होतं, काही करून बसला तर? त्यापेक्षा आलेला बरा.

तो आला. जाकीट घालून, दाढी करून, नेहमीसारखा रांगेत उभा राहिला. मागे वीस-बावीस ड्रायव्हर, हातात कॉफी, सुट्टीच्या गप्पा चाललेल्या. एकेक पुढे सरकत होता. मी त्याच्या बसच्या किल्लीवर हात ठेवला. आता हा हात पुढे करणार, मी नाही म्हणणार, हा भांडणार, आणि जन्मभर माझं तोंड बघणार नाही.

खिडकीशी आल्यावर त्याने हात पुढे केलाच नाही. मान वाकडी करून, कडेने, माझा चेहरा शोधला त्याने. मग वळून रांगेकडे तोंड केलं.

"ऐका रे जरा," तो म्हणाला. आवाज फुटत होता. "मला दिसत नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधीपासून मला माहीत होतं आणि तरी मी पोरं नेली. आज माझी बस कोणीतरी घ्या."

एक कप कुठेतरी खाली ठेवल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. कोणी पुढे येईना. त्याला तर कोणाचे चेहरेही दिसत नव्हते, तो नुसता त्या शांततेकडे तोंड करून उभा होता.

मी खुर्ची मागे लोटली, दार उघडून बाहेर गेले आणि सगळ्यांदेखत माझ्या भावाला मिठी मारली.