लाल ठिपक्याचे दोन चमचे

डागाळलेलं भांडं दिसलं की माझे हात शिवशिवतात. खोडच ती. नातीचा, भूमिकाचा, पाचवा वाढदिवस म्हणून लेकीकडे रामदासपेठेत गेले आणि चहा घ्यायच्या आधी चमच्यांचा डबाच पुढ्यात ओढला. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, त्यावर हळद. पाहुणे काय म्हणतील?

मेघा बाहेर फुगे बांधत होती. तिच्या सासूबाई, पंचफुलाबाई, देवळात गेल्या होत्या. मी खाण्याचा सोडा लिंबाच्या रसात कालवला, एकेक चमचा चोळला, मग व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात बुडवले. लखलखले नुसते! दोनच हट्टाला पेटलेले, एक मोठा, एक छोटा. दोन्हींच्या दांड्यावर मागून नेलपेंटचा लाल ठिपका. मेघा पहिल्यापासून वेंधळी, तिनंच सांडलं असणार. तिच्याच कपाटातलं रिमूव्हर कापसावर घेऊन पुसलं आणि ते दोन्ही बाकीच्यांत टाकले.

पंचफुलाबाई आल्या. डबा पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"ते लाल ठिपक्यावाले कुठं गेले?"

"पुसले की! आता शोधूनही सापडणार नाहीत."

"काहून पुसले, विहीणबाई? आता मी वेगळे कसे करू? सारे एकात एक झाले!"

वेगळे! माझं टाळकंच सरकलं. माझी आई लोकांकडे भांडी घासायची, तिचा कानतुटका कप खिडकीत वेगळा असायचा.

"मेघा!" मी ओरडले. "कामवालीचा चमचा वेगळा ठेवून राहिले तुह्या घरात, अन् तू गप्प?"

मेघा दारात आली. हातातला फुगा तिनं हळूच खाली ठेवला.

"कामवालीचा नाही, आई. तो मोठा माहा आहे."

मी तिथेच खाली बसले. आम्ही बौद्ध, ते कुही गावाकडचे शेतीवाले, तरी माझ्या लेकीला सासरी कोणी दुजाभाव करत नाही, असं सात वर्षं साऱ्या वस्तीत मिरवत होते मी!

"जावयाले, सुशीलले, माहीत आहे?"

"आहे."

"अन् छोटा कोणाचा?"

मेघानं खाली ठेवलेला फुगा परत उचलला. पंचफुलाबाई एकेक चमचा उलटा करून उजेडात धरत होत्या. मला त्यांच्या हातातून डबा हिसकावावासा वाटला.

तेवढ्यात नवा फ्रॉक घालून भूमिका धावत आली, खीर मागू लागली. मी डब्यातला हाताला लागला तो छोटा चमचा वाटीत घालून तिच्यापुढे धरला.

"घे पिल्लू."

तिनं चमचा काढून उलटा करून पाहिला. नीट पाहिला. मग घाईनं वाटीत परत ठेवला.

"हा माहा नाही, आजी. माह्यावर ठिपका आहे," ती म्हणाली, आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.